चार तासांचा संदर्भ

दातांच्या कॉलेजच्या ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलाशी जे गृहस्थ बसत, त्यांना सगळे तोंडावर मामा म्हणत आणि पाठ वळली की कंसमामा. मामांना हे ठाऊक होतं. दरवर्षी विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली की कुणीतरी जुना नव्याच्या कानात हे नाव सांगायचा आणि नवा हसू दाबत टेबलाकडे बघायचा. मामा चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "हसून झालं असेल तर तो चौकोनी कंस बंद कर. उघडा ठेवलायस, वारा येतोय."

त्यांचं काम एकच. डॉक्टर मंडळी शोधनिबंध लिहायची. दात त्यांनी तपासायचे, आकडे त्यांनी मांडायचे, निष्कर्षही त्यांनीच काढायचे. पण निबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी लागते. अमुक गोष्ट आम्ही अमक्याच्या लेखात वाचली, तो लेख अमुक मासिकात, अमुक साली, अमुक पानावर आला होता, असं सगळं सांगावं लागतं. ती यादी लावायची वेळ आली की भलेभले डॉक्टर हात टेकत आणि कागदांचा गठ्ठा मामांपुढे आणून ठेवत. अक्कलदाढ मुळासकट उपटणारी माणसं, पण स्वल्पविराम कुठे द्यायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

त्यात प्रत्येक मासिकाची तऱ्हा वेगळी. एकाला सहा लेखकांची नावं चालतात, सातवा आला की 'आणि इतर' म्हणून मोकळं व्हायचं. दुसऱ्याला चौथाच खपत नाही. एकाला साल कंसात हवं, दुसऱ्याला उघडं हवं आणि त्याच्यापुढे अर्धविराम. एकाला संदर्भाचा आकडा चौकोनी कंसात बसलेला आवडतो, दुसऱ्याला तो ओळीच्या डोक्यावर चढवलेला. नव्या सुनेनं सासरच्या माणसांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवाव्यात, तशा मामांनी या सगळ्या खोडी एका निळ्या वहीत लिहून ठेवल्या होत्या. वही कुणाला देत नसत. 'दाखवतो, देत नाही,' म्हणत.

आणि त्यांचा एक कडक नियम होता. लेख स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय संदर्भ टाइप करायचा नाही. एकदा एका डॉक्टरांनी लहान मुलांच्या दुधाच्या दातांवर निबंध लिहिला आणि त्यात कुठूनतरी उचललेला एक संदर्भ दिला. मामांनी मूळ लेख शोधून काढला, तर तो घोड्यांच्या दातांवर निघाला. डॉक्टर ओशाळून म्हणाले, "नाव वाचून तसं वाटलं नाही हो." मामा म्हणाले, "घोड्यालाही वाटलं नसेल."

एवढं करून मामांचं नाव मात्र कधी कुठे छापून आलं नाही. निबंधाच्या शेवटी आभाराच्या दोन ओळी असतात. त्यात विभागप्रमुखांचे आभार असत, आकडेमोड करून देणाऱ्याचे असत, तोंड उघडून बसलेल्या पेशंटांचे असत. एका डॉक्टरांनी तर आपल्या कुत्र्याचे आभार मानले होते, 'लेखनाच्या काळातील सोबतीबद्दल'. ती ओळ मामांनीच टाइप केली आणि कुत्र्याच्या नावाचं स्पेलिंग दोनदा तपासलं. घरी जाऊन मामींना सांगितलं तेव्हा मामी म्हणाल्या, "तुम्हीपण भुंकून बघा एकदा."

मामा हसले. पण मनाला लागलं ते लागलंच. एकतीस वर्षं दुसऱ्यांची नावं बिनचूक लावण्यात गेली होती आणि आपलं एकदा तरी छापलेलं बघावं अशी त्यांची फार इच्छा होती. माणसाला तेवढीही इच्छा नसावी का?

ती पुरी करायला निघाल्या छोट्या मॅडम. या दात काढण्याच्या विभागातल्या सगळ्यांत तरुण डॉक्टर. वयानं लहान, उंचीनं लहान, म्हणून छोट्या. त्यांनी निबंधासाठी विषयही असा निवडला होता की मामांना तो घरचाच वाटला. या कॉलेजात दाढ काढली की पेशंटच्या तोंडात कापसाचा बोळा देत आणि बजावत, "चार तास बोलायचं नाही." बोललं तर जखम भरत नाही म्हणे. छोट्या मॅडमनी एकशे वीस पेशंट घेतले. साठांना गप्प बसवलं, साठांना म्हणाल्या, बोला काय बोलायचं ते. आठ दिवसांनी जखमा तपासल्या, तर दोन्हीकडे सारख्याच भरलेल्या.

"मामा, बोलण्यानं काहीच फरक पडत नाही," त्या कागद टेबलावर ठेवत म्हणाल्या.

मामांना हे पटलं नाही. "मॅडम, तुमचे आकडे असतील बरोबर. पण शिस्त म्हणून काही असतं. आमची मुलगी नऊ वर्षांपूर्वी परदेशी गेली ना, त्याच दिवशी सकाळी आमच्या हिची दाढ काढली होती. दाराशी सगळे रडत होते, मी रडत होतो. पण ही? एक शब्द नाही! चार तास म्हणजे चार तास. नियम तो नियम."

हा किस्सा मामा ज्याला त्याला सांगत. छोट्या मॅडमनी तो चौथ्यांदा ऐकला आणि म्हणाल्या, "मामा, यादी लावून द्या. या वेळी आभारात तुमचं नाव घालणार आहे मी, पूर्ण." आणि त्यांनी लिहूनच दाखवलं. 'संदर्भांच्या अचूकतेबद्दल' आणि पुढे मामांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मामांनी ते तीनदा वाचलं आणि आडनावानंतरचा पूर्णविराम थोडा जवळ सरकवला.

त्या संध्याकाळी मामींनी आपल्या बहिणीला फोन करून ही बातमी दिली. बहिणीचा नवरा एकदा सोसायटीच्या वार्षिक अहवालात छापून आला होता, आणि मामी ते आठ वर्षं ऐकत आल्या होत्या.

निबंध गेला. महिन्याभरात परत आला, सोबत परीक्षकाचा शेरा. निबंध उत्तम आहे, फक्त संदर्भ क्रमांक एक सुधारावा. निबंधाचं पहिलंच वाक्य होतं, 'दाढ काढल्यानंतर रुग्णाने चार तास बोलू नये असे सांगण्याची पद्धत आहे', आणि त्याला आधार दिला होता मोठ्या सरांच्या पुस्तकाचा. मोठे सर म्हणजे याच विभागाचे जुने प्रमुख. ते जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांचा फोटो अजून विभागात होता आणि त्यांचं पुस्तक अजून प्रत्येकाच्या कपाटात. परीक्षकाचं म्हणणं, पुस्तकाचा आधार चालणार नाही. पुस्तकात ज्या मूळ लेखाचा हवाला दिला आहे तो लेख पाहून त्याचाच संदर्भ द्या. मुदत शुक्रवारपर्यंत.

"एवढंच ना?" मामा म्हणाले. "सोमवारी सुरू करतो, मंगळवारी देतो."

आजवर कॉलेजातले सगळेजण मोठ्या सरांच्या पुस्तकापाशीच थांबले होते, आणि मामांनीही पुस्तक डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे ते चालवून घेतलं होतं. आता त्यांनी त्या प्रकरणाच्या मागची यादी उघडली. मूळ लेख तिथे होताच: तीन लेखक, नाव 'दाढ काढल्यानंतरचे मौन: काही निरीक्षणे', मासिकाचं नाव, साल, खंड ४३, पृष्ठे २१२ ते २१८. मांडणी इतकी सुबक, की मामा खूश झाले. अर्धविराम जागच्या जागी, आद्याक्षरांत टिंब नाही, पृष्ठांमध्ये बारीक रेघ. 'त्या काळातही कुणीतरी जाणकार होता,' असं ते मनाशी म्हणाले.

पण लेख काही सापडेना. सूचीत नाही, जुन्या कार्डांत नाही. सोमवारी त्यांनी दोन ग्रंथालयांना लिहिलं, मंगळवारी आणखी तिघांना. उत्तरं आली: असं मासिक आमच्याकडे नाही, असं मासिक आम्ही ऐकलेलं नाही. एकानं उलट विचारलं, तुम्हाला मिळालं तर आम्हालाही प्रत पाठवाल का, आमच्याकडेही सगळे हाच संदर्भ देतात. मामा मग मोजायलाच बसले. हाच लेख न वाचता, एकाचं बघून दुसऱ्यानं, असा एकेचाळीस निबंधांत उतरला होता. त्यांतले सहा तर दूरच्या देशांतले होते.

बुधवारी संध्याकाळी मामा घरी आले ते चेहरा पाडून. चहाचा कप तसाच ठेवून ते हातातली चिठ्ठी बघत बसले. मामींनी ती ओढून घेतली आणि मोठ्यानं वाचली.

"खंड त्रेचाळीस. अहो, आपली जुनी खोली त्रेचाळीस नंबरची होती ना?"

"असेल."

"दोनशे बारा ते दोनशे अठरा. बघा गंमत! तुम्ही कामाला जाताना दोनशे बाराच्या बसनं जायचात आणि येताना दोनशे अठरानं. आणि साल तर आपल्या लग्नाचं. कसा योगायोग म्हणायचा!"

मामांनी नेमका तेव्हाच चहाचा घोट घेतला होता. तो गेला भलतीकडे. मामींनी पाठीवर थापट्या मारल्या, पाणी दिलं, आणि मामा डोळे पुशीत म्हणाले, "योगायोग. दुसरं काय?"

योगायोग कसला! सगळं लख्ख आठवलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी मामा मोठ्या सरांच्या हाताखाली नवे टायपिस्ट म्हणून लागले होते. सर पुस्तक सांगत आणि मामा टाइप करत. एका दुपारी सर म्हणाले, "दाढ काढल्यावर पेशंटनं बोलू नये, अमुक तास. किती तास ते मी बघून सांगतो. संदर्भही आहे कुठेतरी. तोवर काहीतरी घालून ठेव, जागा रिकामी दिसायला नको."

काहीतरी म्हणजे काय घालायचं? आदल्याच आठवड्यात सासूबाईंची दाढ काढली होती. सासूबाई तेव्हा त्यांच्याकडेच राहत. एका खोलीचं घर, आणि सासूबाई सकाळी डोळे उघडायच्या त्या बोलतच. त्या दिवशी मात्र तोंडात बोळा धरून त्या दुपारी बारा ते चार गप्प बसल्या. लग्नाला तीन महिने झाले होते. त्या चार तासांत मामा आणि मामी पहिल्यांदा एकमेकांशी मनसोक्त बोलले. म्हणून मामांनी टाइप केलं, चार. संदर्भाच्या जागी टायपिंग क्लासचे मास्तर, घरमालक आणि दूधवाला या तिघांना लेखक केलं, खोलीचा नंबर खंडाला दिला, बसचे नंबर पानांना, आणि मासिकाचं नाव मनानं घडवलं. नवा उत्साह होता, मांडणी अगदी नियमाप्रमाणे केली. सरांनी नंतर बघितलं नाही, मामा विसरून गेले, आणि पुस्तक छापलं गेलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन दिवस ज्या जाणकाराचं कौतुक केलं तो जाणकार हाच.

गुरुवारी सकाळी मामा टेबलाशी बसले आणि त्यांच्या मनात आलं, की हे कुणाला कळायचं कारण नाही. 'मूळ लेख उपलब्ध होऊ शकला नाही' एवढं एक वाक्य लिहिलं की संपादक मान्य करतील. तसं करण्याची सोय निळ्या वहीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलेली होती. मोठे सर राहिले नाहीत, दूधवालाही राहिला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कशाला चावा? त्यांनी ते वाक्य टाइपसुद्धा केलं. मग ते पान खाली सरकवत शेवटाला आले आणि तिथे आभाराची ओळ दिसली: संदर्भांच्या अचूकतेबद्दल, आणि पुढे त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

ते ती ओळ बराच वेळ बघत राहिले. मग उठून दोन मजले चढून विभागात गेले.

छोट्या मॅडम एका पेशंटच्या दाढेवर वाकल्या होत्या. मामा दाराशी उभे राहिले. पेशंट उठून गेल्यावर त्यांनी खोलीचं दार लावलं आणि सगळं सांगितलं, सासूबाईंपासून दोनशे अठरा नंबरच्या बसपर्यंत. मॅडम आधी हसल्या. इतक्या हसल्या की मास्क काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की मामा हसत नाहीत.

"म्हणजे मामा, एकतीस वर्षं आम्ही लोकांना तुमच्या सासूबाईंमुळे गप्प बसवतोय?"

"हो."

"आणि मी दोन वर्षं घालवून एकशे वीस पेशंटांवर तुमच्या सासूबाईंना खोटं पाडलं?"

"त्यांना आजवर कुणाला जमलं नव्हतं," मामा म्हणाले आणि मान खाली घातली. "मॅडम, आभारातली ती ओळ काढून टाका. मी हात जोडतो."

मॅडम म्हणाल्या, "काढते. पण पहिल्या वाक्याला आधार कुणाचा देऊ? उद्या पाठवायचंय. खरं सांगायचं तर हे कुठल्या लेखात नाही, तुमच्या तोंडून कळलंय."

याचं उत्तर मामांना पाठ होतं, आणि ते द्यावं लागणार हे जिना चढतानाच त्यांना कळून चुकलं होतं. "तोंडी मिळालेली माहिती यादीत येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "ती मजकुरातच द्यायची. गोल कंसात. सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, तारीख, आणि त्याची लेखी परवानगी जोडायची."

"मग देता परवानगी?"

मामांनी खिशातून पेन काढलं. परवानगीचं पत्र त्यांनी स्वतःच लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग खाली जाऊन पहिलं वाक्य सुधारलं. 'दाढ काढल्यानंतर रुग्णाने चार तास बोलू नये असे सांगण्याची पद्धत आहे. तिला कोणत्याही संशोधनाचा आधार नाही.' आधार नाही यानंतर, पूर्णविरामाच्या आधी, गोल कंस उघडला, त्यात आपलं पूर्ण नाव आणि तारीख टाइप केली आणि कंस बंद केला. पहिला संदर्भ यादीतून गेल्यामुळे दुसऱ्याचा पहिला, तिसऱ्याचा दुसरा, असे अडतीस आकडे मजकुरात आणि यादीत बदलावे लागले. मॅडमच्या संगणकात ते आपोआप करण्याची सोय होती. मामांनी हातानं केले. शुक्रवारी दुपारी निबंध गेला.

घरी काही सांगितलं नाही. मामी मात्र दर आठवड्याला विचारत, "आलं का हो छापून?" आणि मामा मूग गिळून बसत. चार महिन्यांनी अंक आला. छोट्या मॅडमनी एक प्रत मामांना दिली, वर 'सप्रेम' लिहून. मामा ती पिशवीत घालून घरी आले. मामींनी आधी हात धुतले, चष्मा लावला आणि शेवटचं पान उघडलं.

"कुठे आहे? इथे तर तुमचं नाव नाही."

"शेवटी नाही. पहिल्या पानावर बघ. पहिली ओळ."

मामींचा चेहरा उजळला. "पहिल्याच ओळीत? बाई!" त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग परत वाचलं. मग चष्मा काढला. "हे कौतुक आहे की काय आहे?"

मामांनी सांगितलं, उभ्या उभ्याच, सगळं. मामी ऐकत होत्या. आईचं नाव निघालं तेव्हा त्यांना हसू आलं, त्रेचाळीस नंबरच्या खोलीचं निघालं तेव्हा त्या जराशा लाजल्यासुद्धा. मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं.

"म्हणजे त्या चार तासांचं काहीच खरं नव्हतं?"

"नव्हतं."

"माझ्या तीन दाढा काढल्या. तिन्ही वेळा तुम्ही घड्याळ घेऊन समोर बसलात."

"बसलो."

"पहिल्या दोन जाऊ देत," मामी म्हणाल्या. "तेव्हा मला बोलण्यासारखं काही नव्हतंच. पण तिसरी दाढ काढली ती पोर निघाली त्या दिवशी. दारातून वळून तिनं मला विचारलं, 'आई, जाऊ ना मी?' माझ्या तोंडात बोळा. मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही घड्याळ दाखवलंत. मी नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते पोरीला कळलं नाही. जिना उतरताना ती तीनदा वळून बघत होती. नऊ वर्षं झाली. तिनं परत कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आणि तुम्ही गावभर सांगत फिरता, आमची ही कशी शिस्तीची!"

मामांनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं की चुकलं, की आपण मूर्ख आहोत, की एकेचाळीस निबंध चुकले त्याचं आता काही वाटत नाही पण याचं वाटतं.

"नाही," मामी म्हणाल्या. "तुम्ही आता एक शब्द बोलायचा नाही. चार तास."

त्यांनी फोन उचलला आणि नंबर लावला. पलीकडून मुलीचा आवाज आला, "काय गं आई, या वेळी? सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे गं. तुला एक सांगायचं राहिलं होतं," मामी म्हणाल्या. "तू विचारलं होतंस ना, जाऊ का म्हणून? मी जा म्हणत होते. ऐकतेस ना? जा म्हणत होते."

मग दोघी एकदमच बोलायला लागल्या. मामा खुर्चीत बसले आणि त्यांनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.